चालणाऱ्याचा मुक्काम

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस विषय दिला तो 'आपल्या समाजाचे फिरते जीवन' असा. विषय आमच्या परिचयाचा आहे. आमचे आजोबा वाड्यावर जन्मले, वाड्यावरच वारले. आम्ही स्वतः वयाच्या नवव्या वर्षापर्यंत मेंढरांमागे चाललो. तेव्हा बोलण्यास अडचण पडू नये. परंतु या व्यासपीठावर येऊन समोर पाहिले, आणि एक गोष्ट मनाला टोचली. सभागृह भरलेले आहे. शिक्षक आहेत, वकील आहेत, बागाईतदार आहेत, सरकारी नोकरीतील मंडळी आहेत. हे आपले वैभव पाहून कोणाला आनंद होणार नाही? पण ज्यांच्याविषयी बोलावयाचे, त्यांच्यापैकी एकही कुटुंब येथे नाही. असणार तरी कसे? आपला मेळावा दरवर्षी मार्गशीर्षात भरतो, आणि मार्गशीर्षात बारामती-इंदापूरचे वाडे घाटाखाली गेलेले असतात.

आषाढी वारीतील एक प्रसंग आपणां सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. श्री तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडीस येते. तेथे परीट बांधव धोतरांच्या पायघड्या घालतात आणि आपले धनगर बांधव पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण करतात. पालखीला प्रदक्षिणा घातली म्हणजे मेंढरांवरची रोगराई टळते, ही त्यामागची भावना. त्या दिवशी रस्त्याच्या दुतर्फा माणसांची भिंत उभी असते. कोणी भंडारा उधळतो, कोणी छायाचित्र घेतो. मेंढरे धावू लागली की टाळ्यांचा कडकडाट होतो. पालखी पुढे बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर करीत सराटीकडे जाते आणि कौतुक तेथेच संपते. तीच मेंढरे दिवाळीनंतर त्याच रस्त्याने चालू लागली म्हणजे मोटारींचे कर्णे वाजतात, बांधावर काठी घेऊन राखणदार उभा राहतो. एक दिवस टाळ्या आणि पुढे काठी, असा हा हिशेब आहे.

आमचे आजचे सांगणे थोडक्यात असे की, फिरत्या माणसाची खरी अडचण चालण्याची नाही, ती थांबण्याची आहे. चालणे त्याला येते. रात्री मेंढरे कोठे बसवावीत, हा प्रश्न मात्र त्याच्या हाती नाही, आणि तो दरवर्षी अधिक अवघड होत आहे.

आपल्या तरुण मंडळींपैकी पुष्कळांना वाटते की आपले पूर्वज गरिबीमुळे रानोमाळ भटकले. हा समज पुरता खरा नाही. भटकणे आणि फिरणे यांत भेद आहे. बारामती-इंदापूरचा जिराईत भाग अवर्षणप्रवण. सह्याद्रीच्या पावसाचा जोर येथपर्यंत पोचत नाही. कऱ्हा, नीरा आणि भीमा या नद्यांच्या मधला मोठा प्रदेश माळाचा, खुरट्या गवताचा. आपली दख्खनी मेंढी या माळावर घडलेली आहे. अंगाने सडसडीत, लोकर राठ, पाय चालण्याचे. ऊन आणि तहान ती सोसते. परंतु कोकणातील मुसळधार पाऊस आणि चिखल तिला सोसत नाही. म्हणून पावसाळ्याचे चार महिने आपले वाडे घरच्या माळावर राहतात. दसरा-दिवाळी झाली, माळावरचे गवत सरले, की वाडा निघतो. कोणी भोरवरून वरंधा घाट उतरून महाडकडे जातात, कोणी बोरघाटाने पनवेल-खालापूरच्या बाजूस उतरतात. त्या वेळी कोकणात भात निघून खाचरे मोकळी झालेली असतात. तेथे चारा आहे, पाणी आहे, आणि मुख्य म्हणजे मेंढरे बसविण्यास जागा आहे. उन्हाळा सरत आला, वळवाचे ढग दिसू लागले, की वाडा परत फिरतो आणि मृगाच्या आत घरच्या माळावर येतो. या येण्याजाण्यात वाटेल तेथे जाणे नाही. पाऊस, पीक आणि जनावर यांचा मेळ घालून पिढ्यान् पिढ्यांनी आखलेली ही वहिवाट आहे.

आता मेंढरे बसविणे म्हणजे काय, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगणे नको; पण आपली शहरात वाढलेली मुले हे भाषण स्मरणिकेत वाचतील, त्यांच्यासाठी सांगतो. संध्याकाळी खांडवा एका शेतात आणून वाघरीत कोंडतात. वाघर म्हणजे जाळ्याचे कुंपण. रात्रभरात लेंड्यांचे आणि मुताचे खत त्या रानात पडते. दुसऱ्या दिवशी वाघर थोडी सरकवितात. असे करीत सारे शेत खतविले जाते. मोबदला म्हणून शेतकरी ज्वारी, बाजरी किंवा कोकणात भात देतो. हल्ली रोख पैसेही देतात. शेतकऱ्याला बैलगाडीचे भाडे न देता खत मिळते, मेंढपाळाला धान्य आणि थारा मिळतो. यात कोणी कोणावर उपकार करीत नाही. दोन गरजा एकमेकींना भेटतात. या करारास कागद नव्हता. पण एकाच कुळंब्याच्या रानात आजोबा बसले, पुढे मुलगा बसला, मग नातू बसला, असे वाडे आम्ही पाहिले आहेत.

आणि हे सारे चालते ते कोणाच्या जिवावर? पुरुष मेंढरे घेऊन आडरानाने जातो, हे खरे. परंतु बिऱ्हाड हलविणाऱ्या आपल्या माताभगिनी आहेत. पहाटे पाल उतरावयाचे, भांडीकुंडी, दाणागोटा, तान्ही कोकरे आणि कोंबड्या घोड्यांवर लादावयाच्या, लहान मुलाला वर बसवून त्याला नीट आवळावयाचे, दोनतीन कोस चालून पुढच्या मुक्कामी पुरुष पोचण्याच्या आत चूल पेटवावयाची. पाणी शोधणे, गावात दळण नेणे, शेतमालकिणीशी गोडीने बोलून दुसऱ्या दिवसाची सोय करणे, हीही त्यांचीच कामे. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती. पण घरापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत कोणत्या विहिरीचे पाणी गोड आणि कोणत्या गावचा पाटील रागीट, हे तिला तोंडपाठ होते.

मग हे जीवन मोडत का चालले? पहिले कारण पाणी. ऐकताना विचित्र वाटेल, पण ते खरे आहे. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या माळांना पाट मिळाला. पुढे ऊस आला. १९३४ साली इंदापूर तालुक्यात कळंब येथे वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना काढला आणि वालचंदनगर वसले. त्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले. भीमेकाठची रानेच्या राने पाण्याखाली गेली, पळसदेवचे जुने मंदिर पाण्यात बुडाले आणि जलाशयाच्या काठाने पुन्हा ऊस उभा राहिला. या पाण्याने आपल्या तालुक्यांचे दैन्य फिटले. आपल्यापैकी कित्येकांची घरे त्यावरच उभी आहेत, तेव्हा त्या पाण्याला दोष देण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. परंतु बारमाही उसाच्या रानात पड राहत नाही. आणि जेथे पड नाही तेथे मेंढरू बसत नाही. एवढाच त्याचा अर्थ आहे.

दुसरे कारण गायराने आणि वनजमिनी. काही गायरानांवर इमारती झाल्या, काही माळांवर कारखाने आले, काहींना वनखात्याचे कुंपण पडले. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. तेथे चिंकारा राखला जातो, हे योग्यच आहे. कडबनवाडीच्या गवताळ रानात लांडगा पाहण्यास आता दुरून पाहुणे येतात. त्या लांडग्याशी आपल्या मेंढक्याचे वैर शेकडो वर्षांचे. तरी दोघे एकाच माळावर नांदले, आणि त्यामुळेच लांडगा आजपर्यंत टिकला. माळ हे ओसाड रान नसून ती एक जिती सृष्टी आहे, हे आता शास्त्रज्ञही सांगतात. त्या सृष्टीत मेंढपाळालाही जागा होती, एवढे त्यांनी ध्यानात ठेवावे.

तिसरे कारण लोकर. सांगर आणि खुटेकर बांधवांच्या हातच्या घोंगड्याला आता पूर्वीचे गिऱ्हाईक राहिले नाही. दख्खनी लोकर राठ, गिरणीचे नाजूक कापड तिचे होत नाही. कातरणीची मजुरीही त्या लोकरीतून सुटत नाही. मेंढी आता मांसासाठीच पाळली जाते. नीरेपलीकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ जातीचा जुळी कोकरे देण्याचा गुण दख्खनी मेंढीत उतरवून 'सुवर्णा' मेंढी तयार केली. राज्य सरकारने २०१७ साली राजे यशवंतराव होळकर यांच्या नावाने महामेष योजना आणली. तीत २० मेंढ्या व १ नर असा गट अनुदानावर मिळतो. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण अनुदानाने मेंढी मिळते, तिला बसविण्यास रान मिळत नाही.

येथवर आम्ही दुसऱ्यांची कारणे सांगितली. आता एक गोष्ट स्वतःची सांगतो, कारण ती सांगितल्यावाचून या विषयावर बोलण्याचा आम्हांस अधिकार पोचत नाही. आमच्या वडिलांनी अर्धी मेंढरे विकून माळावर विहीर पाडली. त्या विहिरीवर आम्ही शिकलो, नोकरीस लागलो, आणि आज तेथे आमचा ऊस आहे. चार वर्षांपूर्वी कार्तिकात, तिसऱ्या प्रहरी, एक वाडा आमच्या बांधाशी येऊन थांबला. कारभाऱ्यांनी रामराम घातला आणि दोन रात्री बसू देण्याविषयी विचारले. ऊस नुकताच निघालेला होता, रान मोकळे होते. परंतु रानात ठिबकच्या नळ्या पसरलेल्या होत्या. नळ्या तुडविल्या जातील, पुन्हा खर्च पडेल, असा विचार करून आम्ही नकार दिला. कारभारी काही बोलले नाहीत. घोड्याचा लगाम धरून उभी असलेली एक म्हातारी मात्र म्हणाली, "आसू द्या, दादा. तुमच्या वडलांच्या वक्ताला आमी ह्याच रानात बसलोय. तवा हितं हीर बी नव्हती." एवढे बोलून ती चालू लागली. त्याच महिन्यात आम्ही शेणखताच्या चार ट्रॉल्या रोख पैसे देऊन विकत घेतल्या. नळ्या गुंडाळण्यास दोन गड्यांचा एक दिवस लागला असता. तो हिशेब आम्ही नंतर केला. वाडा दारात असताना केला नाही.

ही केवळ आमची चूक असती तर तिची वाच्यता येथे केली नसती. बंधूंनो, मनाशी विचार करा. आपल्यापैकी किती जणांनी गेल्या दहा वर्षांत एकाही वाड्याला आपल्या रानात रात्र दिली आहे? कुंपण घालणारा परका आहे, असे आपण समजतो. ते पुष्कळदा आपल्याच घरचे असते.

जगात इतरत्र काय घडले, तेही पाहण्याजोगे आहे. युरोपात रोमा नावाचा फिरता समाज आहे. इतर लोक त्यांना जिप्सी म्हणत आले. ते मिसर देशातून आले असावेत, या चुकीच्या समजुतीतून ते नाव पडले. वस्तुतः सुमारे हजार वर्षांपूर्वी ते हिंदुस्थानातून गेले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झाले आहे. पाण्याला ते 'पानी' म्हणतात, नाकाला 'नाख', माणसाला 'मनुष', काळ्याला 'कालो'. आपले शब्द त्यांनी हजार वर्षे सांभाळले. वाटेसाठी मात्र 'द्रोम' हा शब्द वाटेवर भेटलेल्या ग्रीकांकडून घेतला. घोडी हाकणे, घोड्यांचा व्यापार, लोहारकाम, कल्हई, गाणेबजावणे यांवर त्यांचा निर्वाह चाले. त्यांना ठिकठिकाणी हाकलले गेले. दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीने त्यांच्यातील लक्षावधी माणसे ठार केली. इंग्लंडने १९६८ साली कायदा करून त्यांच्या गाड्यांना थांबण्यासाठी जागा देण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर सोपविले, आणि १९९४ साली ते कर्तव्य पुन्हा काढून घेतले. चालणारा तोच, रस्ता तोच. थांबण्याची जागा मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर.

आपल्याकडे तरी काय निराळे झाले? १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक फिरत्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. आपल्याच वाटांवरून जाणारे पारधी आणि कैकाडी बांधव त्यात भरडले गेले. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. पण बिऱ्हाड पाठीवर घेतलेला माणूस दिसला की गावाच्या मनात येणारा संशय कायद्याबरोबर रद्द झाला नाही.

याच्या उलट उदाहरण स्पेनचे आहे. तेथे दर ऑक्टोबरात माद्रिद या राजधानीच्या भर रस्त्यातून हजारो मेंढरे नेतात आणि जुन्या करारास स्मरून नगरपालिकेला नाममात्र कर देतात. आपल्या काटेवाडीसारखाच तो कौतुकाचा दिवस. परंतु तो देश कौतुकावर थांबला नाही. १९९५ साली कायदा करून त्यांनी जुन्या मेंढवाटा सार्वजनिक मालमत्ता ठरविल्या. त्या कोणाला विकता येत नाहीत. संयुक्त राष्ट्रसंघानेही २०२६ हे वर्ष कुरणांचे आणि पशुपालकांचे म्हणून जाहीर केले. आपल्या वाड्यांच्या वाटा मात्र आजही वृद्धांच्या आठवणीतच आहेत. ग्युंथर सोंथायमर नावाचे जर्मन पंडित बिरोबा-म्हसकोबाच्या ओव्या टिपून घेत आपल्या वाड्यांवर फिरले आणि १९७६ साली त्यांनी त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. परदेशच्या विद्वानाने आपली दैवते लिहून ठेवली; आपले मुक्काम आपण तरी लिहून ठेवावयास नकोत काय?

कोणी म्हणेल, हे फिरणे राखावे कशासाठी? मुलांना ऊनपावसात चालवावयाचे काय? प्रश्न रास्त आहे. मुलांनी शिकलेच पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला आहे. परंतु शाळा जूनमध्ये उघडते आणि वाडा दिवाळीनंतर निघतो. मूल एक सत्र शिकते आणि दुसरे सत्र रस्त्यावर काढते. मागे ठेवावे तर म्हाताऱ्या आजीवाचून घरी कोणी नाही. त्यातही मुलगा कधी राहतो. मुलगी बहुधा धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी वाड्याबरोबर जाते. २०११ ची शिरगणती फेब्रुवारीत झाली, तेव्हाही वाडे घरी नव्हते. राज्याच्या दप्तरी आपण भटक्या जमाती 'क' गटात आहोत आणि त्या गटास साडेतीन टक्के राखीव जागा आहेत. आपली मुले तिचा लाभ घेतात, त्यात गैर काही नाही. पण ज्यांच्या भटकंतीने ते नाव मिळाले, त्यांच्या मुलीपर्यंत तो लाभ पोचतो किंवा नाही, हे पाहणे आपले काम आहे. वाडा ठेवावा की मोडावा, हे वाड्यावरच्या माणसांनी ठरवावे. त्यांना मोडावयाचा असेल तर मुले शिकलेली हवीत. ठेवावयाचा असेल तर वाटेवर थारा हवा. दोन्हींपैकी काहीच न देता त्यांना उपदेश करण्याचा अधिकार आपणांस नाही.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली: आपल्यापैकी ज्यांच्याकडे रान आहे, त्यांनी पीक निघाल्यावर किती रात्री वाडा बसवून घेता येईल, हे मंडळाच्या वहीत लिहून द्यावे. बारामतीपासून घाटापर्यंत असे मुक्काम जोडत गेल्यास एक वाट उभी राहील. दुसरी: दिवाळी ते मृग या काळात वाड्यावरचे एक मूल, आणि शक्य तर मुलगीच, आपल्या घरी शिकण्यास ठेवून घ्यावे. वसतिगृह बांधण्याची वाट पाहू नये. आपली घरे आहेत. तिसरी: हा मेळावा मार्गशीर्षातून काढून आषाढात, पालखी पुढे गेल्यानंतरच्या आठवड्यात घ्यावा. तेव्हा वाडे घरी असतात. मग त्यांच्याविषयी आम्हांस भाषण करावे लागणार नाही. ते स्वतः बोलतील.

पहिल्या वहीत पहिले नाव आमचे लिहावे. कार्तिकात ऊस निघाला की नळ्या गुंडाळून ठेवू आणि तीन रात्री रान मोकळे ठेवू. जेजुरीच्या खंडेरायांनी बानाईसाठी तिच्या वडिलांच्या वाड्यावर चाकरी करून मेंढरे राखली, असे आपण श्रद्धेने सांगतो. देवाला ज्या वाड्यावर राहण्यात कमीपणा वाटला नाही, त्या वाड्याला आपल्या बांधावर जागा देण्यात आपणांस कमीपणा का वाटावा?

ती म्हातारी पुन्हा त्या वाटेने आली किंवा नाही, हे आम्हांस कळले नाही. यंदा आली, तर विहिरीचे पाणी तिला दाखवू आणि चूल मांडण्यास सावलीची जागा देऊ.